तेरा

धायरी फाट्याला टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली पंक्चर काढतात, वर आम्ही.
चार टेबलं, चार माणसं,
आणि भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या,
ज्या पंखा पाचवर नेला की
'झालं'मधून उडून 'करायचंय'खाली पडतात.

रोज दहाला उभं राहायचं.
काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे.
हिंजवडीतली बारा वर्षं सोडताना मकरंदने
एवढंच आणलं बरोबर,
आणि पाठीला लावायची उशी.
उभा माणूस कमी बोलतो, असं त्याचं म्हणणं.
फिरोज उभ्याने वीस मिनिटं बोलतो.

काम घुलेशेठचं. पाण्याचे टँकर अकरा,
नोंदी एका लाल वहीत,
आणि वही नेमकी भांडणाच्या दिवशी सापडत नाही.
दर दुसऱ्या शुक्रवारी शेठ येतात, भजी घेऊन,
झालंय तेवढं बघतात,
"हे नको होतं," म्हणतात, न रागावता.
वर्षाने कोर्टात कळण्यापेक्षा
भज्यांबरोबर कळलेलं बरं.

अंदाज आम्ही पत्त्यांनी करतो.
खराखुरा कॅट, इस्पिकची राणी हरवलेली.
पालथे ठेवायचे, एकदम उलटायचे,
म्हणजे कुणी कुणाचं बघून ठरवत नाही.
त्या दिवशीची चिठ्ठी:
'टँकर पोचल्याचं ड्रायव्हरने कळवणे.'
मकरंद, दुर्री.
फिरोज, दुर्री.
मी तिर्री, उगाच वेगळं दिसावं म्हणून.
आणि प्रणोती, लागून पाच आठवडे झालेली,
सकाळी "अडलं काही नाही" एवढंच म्हणणारी,
तिचा चौकटचा राजा.
तेरा.

फिरोज हसला. मीही हसले.
नियम असा, की मोठा पत्ता टाकणाऱ्याने आधी बोलायचं
आणि बाकीच्यांनी तोंड मिटायचं.
ती चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाली,
"आमच्याकडे आंबेगावात टँकर येतो रात्री दीडला.
ड्रायव्हर उतरतो, पाइप ओढतो, व्हॉल्व्ह फिरवतो.
हात ओले असतात त्याचे.
ओल्या बोटाला फोन ओळख देत नाही."

खाली कुणीतरी रिमवर हातोडा मारत होतं.
मकरंदने आपली दुर्री उचलली,
परत कॅटमध्ये घातली.

शनिवारी रात्री तुळशीराम राठोडच्या केबिनमध्ये
प्रणोती आणि मी, मागून बाइकवर फिरोज.
नऱ्हे, वडगाव, पुन्हा नऱ्हे.
फोन त्याने दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला.
एका सोसायटीत वॉचमनने डोळे न उघडता सही केली,
किती लिटर ते न बघता.
आमच्या चार स्क्रीन तुळशीरामने नीट पाहिल्या.
"यातलं मी काय दाबायचं?"
"हे एकच," प्रणोती म्हणाली.
"मग बाकीचं कुणासाठी?"
पाणी पडत होतं टाकीत.
आम्ही ते ऐकत बसलो.

सोमवारी दहाला फिरोजची दोन वाक्यं:
"काल काही नाही. आज पुसतो."
तीन आठवड्यांचं काम त्याचं,
नकाशावर धावणारा छोटा निळा टँकर,
चाकंसुद्धा फिरायची त्याची.

आता एकच बटण आहे, तळहाताएवढं.
कोपरानेही दबतं.
घुलेशेठनी तेलकट बोटाने दाबून पाहिलं,
मग कोपराने, मग पुन्हा कोपराने.
"हेच पाहिजे होतं का, माहीत नाही," म्हणाले,
"पण राहू द्या."

झोपेतल्या सहीची चिठ्ठी अजून
'नंतर बघू'मध्ये आहे, तिचा चिकटपणा गेलाय.
चौकटचा राजा टाचणीने भिंतीवर,
त्यामुळे दुपारी मेंढीकोट बंद.
प्रणोती दाराजवळ उभी राहते,
म्हणून अजूनही तिचा नंबर शेवटी.
"अडलं काही नाही," ती म्हणते.
पण तिच्याआधी आता
फिरोज फोन पालथा ठेवतो.